सुटलेला बॉल परत द्यायचा नाही

अंधेरीच्या आमच्या मैदानावर संध्याकाळी एकाच वेळी चार-पाच खेळ चालतात. त्यामुळे इथे वाढलेल्या प्रत्येकाला एक सवय असते. पायाशी कुणाचाही बॉल आला, की तो उचलून ज्याचा त्याला परत करायचा. सवय चांगली आहे, पण माझ्या डिफेन्सची तिने पार वाट लावली होती.

मी मुलींना फुटबॉल शिकवते. डोकं लवकर तापतं, आवाज मैदानाच्या दुसऱ्या टोकाला पोचतो. माझी स्टॉपर, म्हणजे आमच्या गोलसमोर उभी राहणारी, मरोळहून येणारी, पण लहानपणापासून याच मैदानावर खेळलेली कॉलेजातली मुलगी. समोरचीच्या पायातून बॉल काढावा तर तिनेच. पण बॉल सुटून बाजूला गेला, की बाई जागच्या जागी थांबणार, जणू तो दुसऱ्याचाच. दोन ढांगांवर बॉल पडलेला असायचा आणि तो जिच्याकडून काढला तीच येऊन पुन्हा घेऊन जायची. असे किती गोल आम्ही खाल्ले, आठवलं तरी चीड येते.

रविवारी मालाडच्या टीमशी मॅच होती. सोमवारीच मी तिला बाजूला घेऊन सांगितलं, की शनिवारपर्यंत हे सुधारलं नाही तर रविवारी बाकावर बसायचं. तिचा चेहरा पडला. मला वाईट वाटलं, कारण तिच्याइतकी मेहनत दुसरी कोणी करत नव्हती. पण शब्द मागे घेतला नाही.

आठवडाभर एकच सराव. एकीने बॉल घेऊन यायचं, दुसरीने तो काढायचा, आणि सुटला की दोघींनी त्याच्यामागे धावायचं. कुणाच्या तरी ताब्यात येईपर्यंत मी शिट्टी वाजवायचेच नाही. ती मात्र बॉल काढून शिट्टीची वाट बघत राहायची. गुरुवारी ती वैतागली.

"मॅडम, काढला ना मी? अजून काय पाहिजे?"

"काढलास, आणि मग तिलाच देऊन टाकलास. सुटलेला बॉल कोणाचाच नसतो गं. जी आधी पोचेल तिचा."

ती पुन्हा जागेवर जाऊन उभी राहिली.

शनिवारी शेवटच्या फेरीत तिने पाय घातला, बॉल सुटला आणि क्रिकेटवाल्यांच्या दिशेने गेला. नेमका त्याच वेळी त्यांचा टेनिस बॉल घरंगळत तिच्यासमोर आला. तिकडून एका काकांनी हाक मारली, "बेटा, बॉल दे ना!" आता ही वाकणार, हे मी धरूनच चालले होते.

तिने टेनिस बॉल ओलांडला, धावत जाऊन आमचा बॉल आधी गाठला आणि मान वर करून लांब पुढे मारला.

आजकालच्या मुलींना मॅनर्स नाहीत, असं काका मला ऐकवू लागले. टेनिस बॉल घरंगळत आता माझ्या बुटाला लागला होता. इतकी वर्षं मी त्यांचा प्रत्येक बॉल परत केला आहे. या वेळी तो तसाच राहू दिला आणि तिला ओरडून सांगितलं, "उद्या तू पहिल्यापासून खेळतेस."