सुरकुत्यांचे चोवीस फॉर्म

आधी वैद्य मॅडमचं नाव लिहिते. आमच्या फॅक्टरीतल्या क्वालिटी विभागाच्या त्या प्रमुख. त्या नसत्या तर मी आज शेंद्र्याच्या या फॅक्टरीत नसते, आणि हे लिहिण्याइतकं माझं अक्षरही सुधारलं नसतं. आता काय झालं ते सांगते.

मुंबईहून आलेले मार्केटिंगचे सर माझ्यासमोर उभे होते. हातात मी भरलेले चोवीस फॉर्म. पहिलाच त्यांनी मोठ्यानं वाचला.

"'टाचांना लावली. भेगा भरल्या.' हे काय आहे?"

"कांतामावशींनी सांगितलं तसंच लिहिलं, सर."

"अँटी-एजिंग क्रीम आहे ही! टाचांची नाही!"

महिना संपायला चार दिवस होते. मी कॉन्ट्रॅक्टवर आहे. आमचा गेटपास दर महिन्याला नवा होतो. नाही झाला की करमाडची खोली सोडायची आणि गोंदियाकडं आईच्या घरी परत. माझी मुलगी तिथं आईजवळ राहून शाळेत जाते, ती माझ्या पगारावर. मी स्वतः आठवीत शाळा सोडली. तिची सुटू नये, एवढंच सारखं डोक्यात असतं.

आमचं काम सांगते. दुसऱ्या कंपन्यांची क्रीम आम्ही बनवून, भरून, पॅक करून देतो. नाव त्यांचं, हात आमचे. ही क्रीम चार हजार नऊशेची. मी केमिस्ट नाही, पण सहा वर्षं टाकीत काय पडतं ते बघतेय. बहुतेक पाणी, मग ग्लिसरीन, तेल, मेण, वास. कार्टनवर ज्याचं नाव सोनेरी अक्षरांत छापतात ते औषध सगळ्यात शेवटी पडतं, आणि चमच्याच्या हिशोबात पडतं. शेजारच्या लाइनवर मेडिकलच्या दुकानात मिळणारी साधी ट्यूब भरतात. दोन्हींच्या मागची यादी वाचा, पहिली सहा-सात नावं तीच. फरक डबीत आहे. ही डबी 'डबल वॉल', म्हणजे डबीच्या आत डबी. बाहेरून मोसंबीएवढी, आतली वाटी लिंबाएवढी. हातात घेतली की भरीव वाटते. ते वजन डबीचं असतं.

बाजारात आणण्याआधी त्या सरांच्या कंपनीला बायकांचं मत हवं होतं. पॅकिंगमधल्याच चाळिशीपुढच्या चोवीस जणी निवडल्या. प्रत्येकीला एक डबी, चार आठवडे लावायची. मग फॉर्म. सुरकुत्या कमी वाटतात का, चेहरा तरुण वाटतो का, हो किंवा नाही. खाली दोन ओळी मोकळ्या. विचारून लिहायचं काम माझ्याकडं आलं.

सुपरवायझर म्हणाले, "सगळीकडं 'हो'वर टिक मार. जेवणाच्या सुट्टीत उरकून टाक."

मला ते पटेना, आणि नाही म्हणायची हिंमतही होईना. डबा तसाच ठेवला. उठून मॅडमकडं गेले.

मॅडम म्हणाल्या, "बायका म्हणतील ते लिही. बॅच रेकॉर्ड भरतेस तसं."

बॅच रेकॉर्ड म्हणजे टाकीत काय, किती, कधी पडलं त्याची नोंद. त्यात खाडाखोड चालत नाही. चुकलं तर एकच रेघ मारायची, खालचं वाचता आलं पाहिजे, आणि बाजूला सही, तारीख, कारण. हे मला मॅडमनीच शेजारी बसवून शिकवलेलं.

मग मी एकेकीला विचारत सुटले. कांतामावशी इथल्याच, शेंद्र्याच्या. म्हणाल्या, "तोंड कोण बघतंय माझं? टाचा बघ आधी. आता चप्पल टोचंना."

शकुंतलाबाईंनी डबी उघडलीच नव्हती. "कन्नडला भाचीच्या रुखवतात मांडली. लई भारी दिसली! नवरदेवाकडच्या बायका उलटीपालटी करून बघत व्हत्या."

"मग फरक पडला का, काय लिहू?"

"पडला की. रुखवताला."

रेहाना आपांनी मात्र रोज नेमानं चेहऱ्याला लावली होती. "नरम हुआ, झूठ कायकू बोलूँ? पन इत्ता तो ग्लिसरीन से भी होता. झुर्रियाँ वहींच हैं, गिन ले."

चोवीसपैकी चेहऱ्याला नेमानं लावणाऱ्या अकरा निघाल्या. त्यातल्या दोघी म्हणाल्या, सुरकुत्या कमी झाल्या. त्यातली एक हळूच म्हणाली, "फुकट दिलीया, नाय कसं म्हणू?"

तेच फॉर्म आता सरांच्या हातात होते. "हे बदल. दहापैकी नऊ 'हो' पाहिजेत."

दहापैकी नऊ. हे मी कुठंतरी वाचलं होतं. आठवलं आणि तोंडातून निघून गेलं, "सर, ते तर कार्टनवर छापून आलंय. 'दहापैकी नऊ स्त्रियांना फरक जाणवला.' कार्टन मंगळवारी उतरवले आम्ही. फॉर्म मी गुरुवारी भरले."

शेजारी उभे असलेले सुपरवायझर दात आवळून म्हणाले, "तुला कुणी विचारलं?"

मॅडम कधी आल्या कळलं नाही. त्यांनी फॉर्म टेबलावर नीट लावले, वर पेन ठेवलं. "बदला ना सर. आमच्याकडं पद्धत आहे. जुन्यावर एक रेघ, बाजूला सही, तारीख, कारण. सह्या तुमच्या."

"माझ्या का?"

"बायकांचं मत तुम्ही बदलताय, म्हणून."

"मॅडम, सगळेच करतात हे."

"मग सही करायला काय हरकत आहे?"

सरांनी पेन उचललं नाही. मग फॉर्म तसेच बॅगेत टाकून गेले.

कार्टन दोन आठवडे स्टोअरमध्ये अडकले. मग स्टिकर आले, 'त्वचा मऊ वाटते' असं लिहिलेले. 'दहापैकी नऊ'च्या ओळीवर ते हातानं चिकटवायचे होते. मुली दोन शिफ्ट चिकटवत होत्या. किंमत एक रुपयानंही उतरली नाही.

मधल्या काळात महिना संपला. पहिल्या तारखेला गेटवर सिक्युरिटीवाला म्हणाला, "यादीत नाव नाय, ताई." दुसऱ्या दिवशीही तेच. मी दिवसभर गेटसमोरच्या टपरीवर बसून राहिले. आईला फोन लावायचे आणि उचलायच्या आत कट करायचे. काय सांगणार होते? तिसऱ्या दिवशी मॅडम एचआरच्या साहेबांना घेऊन गेटवर आल्या. "आजपासून ही माझ्या विभागात. रेकॉर्ड ही लिहील. ही आत आली नाही तर आजची बॅच मी पास करत नाही." गेटपास मिळाला.

यातून मी शिकले ते एवढंच. 'इतक्या बायकांना फरक जाणवला' असं वाचलं की विचारावं, बायकांनी क्रीम लावली कुठं, आणि आधी काय झालं, मत की छपाई. डबीच्या मागची यादी बारीक अक्षरांत असते, पण तीच आधी वाचावी.

त्या वर्षी मॅडमचं प्रमोशन थांबलं. कारण कुणी दिलं नाही. मी विषय काढला तर म्हणाल्या, "कामाकडं बघ, ललिता." ते प्रमोशन मी आणून देऊ शकत नाही. पण उपकार फेडायचे आहेत. उद्या त्यांच्याविरुद्ध कुणी मला काही बोलायला लावलं तर मी बोलणार नाही, आणि त्यांच्या बाजूनं बोलायची वेळ आली तर गप्प बसणार नाही. कॉन्ट्रॅक्टवर असले तरी.