विहिरीची बारी आणि रत्नागिरीचा समुद्र

गुरुवारी पहाटे पाचला आमची गाडी बांधावरून डांबरी रस्त्याला लागली आणि लग्नानंतर चौदा वर्षांनी आम्ही सगळे मिळून कुठेतरी निघालो. सगळे म्हणजे चौघं. मी, दहा वर्षांची मुक्ता, माझ्या सासूबाई (त्यांना मी आत्याबाई म्हणते) आणि माझा नवरा. आमच्याकडे नवऱ्याचं नाव घेत नाहीत, पण लिहायला हरकत नसावी. सोपानराव.

मी श्रीगोंदा तालुक्यातल्या एका जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवते. भरती-ओहोटी फळ्यावर काढून दाखवते आणि स्वतः समुद्र पाहिलाय एकदाच, डी.एड.च्या सहलीत. आत्याबाईंनी तर तोही नाही. सत्तरी आली, पण त्यांचं मोठं पाणी म्हणजे दौंडच्या पुलाखालची भीमा. दरवर्षी परीक्षा संपल्या की सोपानराव म्हणायचे, "आई, औंदा तुला समुद्र दावतो." आणि दरवर्षी बारी आडवी यायची.

बारी म्हणजे विहिरीचं पाणी घेण्याची पाळी. आमची विहीर सामाईक. चार दिवस मोटार आमची, चार दिवस थोरल्या दिरांची, म्हणजे दादांची. दोघांच्याही लिंबाच्या बागा. एप्रिलात झाडांवर बोराएवढी फळं असतात आणि नेमकं तेव्हा पाणी हुकलं, तर ती पटापट गळून पडतात. त्यामुळे आमच्या घरात सुट्टी शाळा देत नाही, विहीर देते. दादांचे चार दिवस लागले की आम्ही मोकळे.

त्यात दोघे भाऊ चार वर्षं एकमेकांशी बोलत नव्हते. एका उन्हाळ्यात आमच्या बारीत डीपी (शेताला वीज देणारा ट्रान्सफॉर्मर) जळाली आणि दोन दिवस वाया गेले. दादांनी आपल्या ठरल्या दिवशी मोटार घेतली. सोपानराव खवळले, त्यांनी भावकी गोळा केली आणि सगळ्यांसमोर नियम करून घेतला की विजेविना जेवढे दिवस जातील तेवढे ज्याचे त्याला भरून द्यायचे. नियम झाला आणि बोलणं संपलं. तेव्हापासून मोटारीच्या पेटीची किल्ली विहिरीवरच्या खिळ्याला असते. ज्याची बारी त्याने काढून घ्यायची.

यंदाही डीपी आमच्याच बारीत जळाली. सोमवार, मंगळवार कोरडे गेले आणि ओढ्याकडची अर्धी बाग तशीच राहिली. पण रत्नागिरीची खोली सांगून झाली होती, मुक्ताची बॅग दोनदा भरून झाली होती. सोपानराव चक्क म्हणाले, "सोडले ते दोन दिस. सोमवारी आपली बारी लागतीच, तवर झाडं दम धरतील." मला इतका आनंद झाला की मी पुढे काही विचारलंच नाही.

काष्टी मागे पडली, दौंडला भीमेच्या पुलावर सूर्य उगवला. आत्याबाईंनी खिडकीतून नदीला हात जोडले. बारामती, फलटण करत आम्ही साताऱ्याकडे निघालो. सोपानराव कार चालवतात ती ट्रॅक्टरसारखी, मध्यम वेगाने आणि शेजारच्या शेतांकडे बघत. "ऊस तुटायचा राहिला हाय यांचा," "मका चांगली हाय," असा अहवाल अधूनमधून मिळत होता. फलटणच्या पुढे एका कडुलिंबाखाली बसून आम्ही दशम्या (दुधात पीठ मळून केलेल्या भाकऱ्या) आणि शेंगदाण्याची चटणी खाल्ली.

उंब्रजला वळलो, पाटण गेलं, कोयनानगर गेलं आणि कुंभार्ली घाट लागला. तिसऱ्या वळणावर मुक्ताला मळमळायला लागलं आणि पाचव्या वळणावर जे व्हायचं ते उरलेल्या दशम्यांच्या पिशवीवर झालं. गाडी बाजूला घेतली. तिथे एक म्हातारे करवंदं विकत बसले होते. त्यांनी तोंड धुवायला पाणी दिलं, पानाच्या द्रोणातली चार करवंदं मुक्ताच्या हातावर ठेवली आणि विचारलं, "कुठचे तुम्ही?"

"नगर जिल्हा. श्रीगोंदा."

"बापरे! मग अजून वळणं आहेत हो. पोरीला पुढे बसवा."

मुक्ता पुढे आली, मी मागे गेले आणि घाट संपेपर्यंत आत्याबाई माझा हात घट्ट धरून बसल्या. घाबरल्याचं त्यांनी शेवटपर्यंत कबूल केलं नाही.

चिपळूणच्या पुढे जांभ्या दगडाची लाल घरं, उतरती कौलं, अंगणात वाळत घातलेली आमसुलं. उकाडा मात्र वेगळाच. आमचं ऊन भाजतं, इथलं ऊन उकडतं. हातखंब्याला वळून रत्नागिरीत शिरलो आणि भाट्याच्या किनाऱ्याजवळच्या घरगुती मुक्कामी पोचलो, तेव्हा दिवस मावळला होता. घराच्या मालकीणबाई, त्यांना सगळे काकीच म्हणतात, दारातच उभ्या होत्या. त्यांना आम्ही आमच्या बागेतल्या आधीच्या बहाराच्या लिंबांची पिशवी दिली. एक लिंबू त्यांनी नाकाशी धरलं आणि म्हणाल्या, "काय वास आहे! उद्या लोणचंच घालते." सोपानरावांचा प्रवासाचा शीण तिथेच उतरला.

सुरूच्या झाडांपलीकडून एकसारखी घरघर येत होती. आत्याबाई कान देऊन ऐकत राहिल्या. "एवढ्या उशिरा कुणाची मोटार चालू हाय गं?"

"आत्याबाई, समुद्र आहे तो."

"आगं बया," म्हणाल्या आणि पायरीवर बसून बराच वेळ ऐकत राहिल्या.

शुक्रवारी सकाळी चहा घेऊन आम्ही सुरूच्या बनातून चालत निघालो. झाडं संपली आणि समोर सगळा समुद्रच. ऊन पाण्यावर पसरलं होतं, लांबवर दोन होड्या होत्या. मुक्ता ओरडत पळाली. आत्याबाई कोरड्या वाळूतच थांबल्या. चपला काढून हातात घेतल्या, पदर डोक्यावर नीट केला आणि म्हणाल्या, "एवढं पानी! आन् बारी कुनाचीच न्हाई."

मी हसणार तेवढ्यात सोपानरावांचा फोन वाजला. गावाकडून शेजारचे तात्या बोलत होते. आवाज एवढा मोठा की मलाही सगळं ऐकू आलं.

"सोपान, आरं कुठं हायेस? काल धरनं मोटार बंद हाय. किल्ली खिळ्यालाच हाय. तुजा दादा हात लावंना. म्हनतो, गुरवार-शुक्रवार सोपानचं हायेत, डीपीचं भरून द्यायचं. आन् तू तर गावातच न्हाईस!"

सोपानराव उभे होते तिथेच खाली बसले. दोन दिवस सोडल्याचं त्यांनी मला सांगितलं होतं, आईला सांगितलं होतं, दादांना कोण सांगणार? आणि दादा, ज्यांच्यावर चार वर्षांपूर्वी दोन दिवस खाल्ल्याचा आरोप झाला होता, ते आता एक तासही जास्त घेणार नव्हते. विहीर तुडुंब भरलेली, डीपी चालू आणि दोन्ही बागा उन्हात उभ्या. दादांच्या झाडांना आमची बारी लागल्यापासून पाणीच नव्हतं. त्यांचे चार दिवस शनिवारी सुरू झाले, की आमच्या ओढ्याकडच्या बागेला बुधवारपर्यंत थेंब मिळणार नव्हता. तोवर सगळं फळ मातीत जाणार.

"चला," सोपानराव उठले. "बॅगा भरा. आत्ता निघालो तर सांजच्याला पोचू."

"पोचून काय करणार? आजचा दिवस संपलेला असेल. उद्यापासून त्यांची बारी."

"मंग हितं बसून काय करू?"

"फोन करा दादांना."

"मी? त्यानं इचारायचं हुतं मला, मोटार का घेतली न्हाई म्हनून!"

मला राग आवरेना. "त्यांनी तुमचाच नियम पाळलाय! भावकीपुढे हात आपटून तुम्हीच करून घेतलात ना? आता त्यांनी काय तुमच्या मनातलं ओळखायचं?" समुद्राच्या आवाजात आपल्याला ओरडावं लागतंय असं मी तेव्हा स्वतःला समजावलं. खरं तर समुद्र शांत होता.

आत्याबाईंनी चपला वाळूत टाकल्या, पाय झटकून त्यात घातले आणि सुरूच्या झाडांकडे वळल्या. "चल बाबा," त्या मुलाला म्हणाल्या, "पाह्यला की. लई चांगला हाय."

त्यांच्या पावलांना अजून पाणी लागलं नव्हतं. सोपानरावांचंही तिकडेच लक्ष होतं. मला वाटतं, त्यांना तेव्हा लाज वाटली, आणि मलाही वाटली. त्यांनी फोन काढला. चार वर्षं न लावलेला नंबर त्यांना तोंडपाठ होता.

"दादा, मी सोपान."

"बोल."

"मोटार का घेतली न्हाईस?"

"तुजी बारी हाय. उद्या घेईन."

"मी सोडले हुते ते दोन दिस."

"मला कुनी सांगितलं?"

सोपानराव पायाच्या अंगठ्याने वाळू उकरत राहिले. मग म्हणाले, "कुनीच न्हाई. चुकलं माजं. तू घे मोटार, दादा. तुजी बाग लई दिस कोरडी हाय."

"आन् तुजी वढ्याकडची? काल सांजच्याला बांधावरनं बघून आलोय मी. फळ पिवळं पडाय लागलंय." दादा खाकरले. "दोन्हीकडं दारं धरतो, पानी वळवून देतो. तू येऊ नको पळत. आईला नीट दाव समुद्र."

फोन बंद झाला तरी सोपानरावांनी तो कानालाच धरून ठेवला होता. मग ते आईमागे गेले, त्यांच्या हाताला धरलं आणि त्यांना पाण्यात घेऊन आले. पहिल्या लाटेला आत्याबाई "आगं बाई गं" म्हणून मागे सरल्या, दुसऱ्या लाटेला तिथेच बसल्या. नऊवारी पार कमरेपर्यंत भिजली. मुक्ताने त्यांच्यावर पाणी उडवलं, त्यांनी उलट तिच्यावर उडवलं. ओंजळ भरून चव घेतली आणि थुंकल्या. "खरंच खारट हाय की! मला वाटायचं लोक आपलं सांगत्यात." दुपारपर्यंत त्यांना बाहेर काढता काढता आम्ही दमलो.

दुसऱ्या दिवशी रत्नदुर्गावर जाऊन भगवतीचं दर्शन घेतलं. मांडवीच्या काळ्या वाळूत मुक्ताने किल्ला केला आणि त्याच्याभोवती खंदकाऐवजी आळं केलं, कारण तिने तेच पाहिलेलं. काकींच्या हातचे उकडीचे मोदक, फणसाची भाजी, कोकमाची कढी. आत्याबाईंना भात काही मानवला नाही. "किती बी खा, पोट भरल्यावानी वाटंना," म्हणाल्या. काकींनी लगेच तांदळाची भाकरी थापून दिली आणि मग दोघींची अशी गट्टी जमली की मला स्वयंपाकघरात जागा उरली नाही.

सोपानराव काकींच्या नारळी-पोफळीच्या वाडीत (घरामागच्या बागेत) फिरून आले. त्यांनी विचारलं, "तुमची हीर एकटीची का?"

"कसली एकटीची! बाव (विहीर) चौघांत आहे," काकी म्हणाल्या.

"भांडनं व्हत न्हाईत?"

"होतात तर! मे महिन्यात तोंडं फिरतात. पण गणपतीला सगळे एकाच घरात. आरतीला शेजारी उभं राहिल्यावर किती दिवस गप्प राहणार माणूस?"

सोपानराव हसले. संध्याकाळी त्यांनी दादांना पुन्हा फोन केला. बोलणं झालं ते एवढंच: वीज किती वाजता येते, कुठल्या ओळीपर्यंत पाणी गेलं. पण तीन मिनिटं चाललं.

रविवारी पहाटे निघालो. घाटात या वेळी मुक्ता पुढे बसून झोपली. फलटणनंतर उन्हाने रस्ता पांढरा दिसायला लागला आणि आत्याबाई म्हणाल्या, "आलं आपलं." ऊन कलल्यावर घरी पोचलो. बॅगा न उतरवता सोपानराव थेट विहिरीकडे गेले. मीही मागोमाग गेले.

ओढ्याकडची आमची बाग ओली होती. प्रत्येक आळ्यात पाणी मुरलेलं होतं आणि फळ झाडावर होतं. थोडं गळालं होतं, पण थोडंच. पुढे बांध ओलांडला. दादांच्या बागेत अर्ध्या भागात पाणी पोचलं होतं. उरलेल्या अर्ध्या भागात झाडांखाली हिरवी-पिवळी फळं पडलेली. चालताना पायाखाली येत होती. दादांनी दोन्हीकडे दारं धरली होती हे खरं, पण आधी आमच्याकडे धरली होती.

शेवटच्या ओळीत दादा खोरं घेऊन उभे होते, गुडघ्यापर्यंत चिखल. सोपानरावांनी खालची चार फळं उचलली, तळहातावर धरली आणि नुसते बघत राहिले.

"आई पानी बघून खूश झाली का?" दादांनी विचारलं.

"झाली. तू आधी तुजी बाग का न्हाई भिजवलीस?"

"तू लांब हुतास. मी हितंच हुतो," दादा म्हणाले आणि खोऱ्याने दार वळवलं.

सोपानरावांनी हातातली फळं बांधावर ठेवली. मग म्हणाले, "तू बी जाऊन ये वहिनीला घिऊन."

"आन् हितं कोन बघंल?"

"मी हाय की. कवा बी जा."

प्रवासात काय पाहिलं, असं शाळेतल्या बाईंनी विचारलं तेव्हा मी समुद्र, किल्ला, मोदक सगळं सांगितलं. घरापासून दादांचं दार पन्नास पावलांवर आहे आणि तिथवर जायला आम्हाला रत्नागिरी गाठावी लागली, हे मात्र सांगितलं नाही.

सोमवारी बारी कुणाची होती, ते मला अजूनही सांगता येणार नाही. सोपानरावांच्या हिशेबाने आमची, भावकीच्या नियमाने दादांची. पहाटे उजाडायला मी उठले तर सोपानराव घरात नव्हते. ओट्यावर येऊन पाहिलं. दादा अजून त्यांच्या अंगणात झोपलेले होते आणि त्यांच्या बागेत, राहिलेल्या अर्ध्या भागात, सोपानराव दारं धरत होते.