हौसाचं चालणं

हौसा गेल्याचं मला तिच्या भाच्यानं, दत्तानं, फोनवर सांगितलं. मी बारामतीच्या मंडईत मेथी निवडत होते. "मावशी, आत्या पहाटं गेली. काय त्रास झाला न्हाय तिला," एवढंच तो म्हणाला. जुडी तिथेच ठेवून मी लासुर्ण्याला निघाले. चार-पाच दिवसांनी एका वर्तमानपत्रात दोन ओळी आल्या, जुन्या काळातील मॉडेलचे निधन म्हणून. नाव 'होसा' असं छापलं होतं. एक मात्रा कमी पडली होती. सहा आठवडे झाले, ती मात्रा मला अजून टोचते आहे. म्हणून हे लिहायला बसले.

माझे वडील वालचंदनगरला कारखान्यात नोकरीला होते, आम्ही कॉलनीत क्वार्टरमध्ये राहायचो. हौसा लासुर्ण्याहून सायकलवर शाळेला यायची. तिच्या आजोबांपर्यंत घरात मेंढरं होती. आबांनी, म्हणजे तिच्या वडिलांनी, ती विकून ऊस लावला. नववीतच हौसा आमच्या सरांपेक्षा उंच झाली. गडद सावळी, हातपाय लांबच लांब. वर्गाच्या फोटोत तिला दरवर्षी मागच्या रांगेत उभं करायचे, आणि तिथेही ती गुडघे वाकवून उभी राहायची, कुणाच्या नजरेत भरू नये म्हणून. पोरी चिडवायच्या, पाहुणे तिच्या लग्नाचा विषय तिची उंची बघूनच सोडून द्यायचे. ती काही बोलायची नाही. माझ्याशी मात्र सायकल हातात धरून कालव्यापर्यंत बोलत यायची...

मॅट्रिकनंतर ती मुंबईला गेली, टेलिफोन ऑपरेटर म्हणून. मुलींच्या वसतिगृहात तिच्या खोलीत राहणारी मुलगी साड्यांच्या शोमध्ये काम करायची. त्या काळी कापडगिरण्या नवीन साड्या व्यापाऱ्यांना दाखवण्यासाठी मोठ्या हॉटेलांत असे कार्यक्रम ठेवायच्या. काठ आणि पदर नीट उठून दिसावा म्हणून उंच मुली लागायच्या. मैत्रीण आजारी पडली आणि हौसा बदली म्हणून गेली, असलं काही झालं नव्हतं. तिनं सरळ हौसाला हाताला धरून नेलं आणि शो बसवणाऱ्या बाईंसमोर उभं केलं. पंधरा दिवसांनी मला पत्र आलं. त्यातलं एक वाक्य मला पाठ आहे: निमे, हितं माझी उंची कुणाला नडत न्हाय.

तेव्हा मॉडेलला नाव नसायचं. निवेदक साडीचं नाव सांगायचा, गिरणीचं नाव सांगायचा, नेसणारीचं नाही. मेकअप जिचा तिनं करायचा आणि हौसाला तर आधी फिकट पावडरचे दोन थर लावायला सांगायचे. ती लावायची. पुढे जाहिराती रंगीत झाल्या, मासिकांच्या मुखपृष्ठांवर तिचा चेहरा आला, एका गिरणीच्या कॅलेंडरवरही आला. आणि ते कॅलेंडर लासुर्ण्याच्या किराणा दुकानात लागलं.

घरी सगळ्यांना वाटत होतं, पोरगी टेलिफोनमध्येच आहे. आबा साखर आणायला दुकानात गेले, कॅलेंडरकडे बघत उभे राहिले आणि ते मागून घेऊन घरी आले. हौसाला सांगावा गेला. ती आली ती थेट माझ्याकडे, कॉलनीत, आणि मला सोबत घेऊनच घरी गेली. आबांनी बाजेवर कॅलेंडर उलगडलं. हौसा ओसरीच्या कडेला, जमिनीकडे बघत उभी.

"ही तूच न्हवं?"

"व्हय, आबा."

"कुणी जबरदस्ती केली?"

"न्हाय. माझ्या मनानं गेले."

तिची आई चुलीपुढून उठून दारात आली होती. मग आबांनी चित्रावर बोट ठेवलं.

"चित्रात मान वर हाय. मग बापाम्होरं खाली का?"

हौसानं मान वर केली. आबा तिच्याकडे बघत राहिले आणि मग बायकोला म्हणाले, पोरींना चहा टाक. ते कॅलेंडर त्यांनी स्वतः भिंतीवर लावलं. वर्ष संपलं तरी ते निघालं नाही.

नव्वदच्या दशकात सगळंच बदललं. सौंदर्यस्पर्धा आल्या, परदेशी कपड्यांची दुकानं आली, सुपरमॉडेल हा शब्द आमच्या इंदापूर तालुक्यातल्या पोरींच्याही तोंडी आला. काल कॉलेजात असलेल्या मुलींची नावं घराघरात पोचली. हौसा तेव्हा चाळिशी ओलांडलेली. तिला कामं येईनाशी झाली. ती वर्ष-सहा महिने फार गप्प होती, हे मी खोटं सांगणार नाही. मग तिनं मुलींना चालायला शिकवायला सुरुवात केली. मुंबईत तिची शिकवणी मी एकदा पाहिली. एक मुलगी चालताना सारखी हसत होती. हौसानं तिला थांबवलं आणि विचारलं, कुणाची माफी मागतीस?

तीच मुलगी पुढे परदेशात स्पर्धा जिंकली. टीव्हीवर तिची मुलाखत होती, योगायोगानं मी लासुर्ण्यात आबांच्या शेजारी बसले होते. चालायला कुणी शिकवलं, असं विचारल्यावर ती म्हणाली, हौसादीदींनी. ऐंशी पार केलेले आबा माझ्याकडे वळले. "आमच्याच हौसाचं नाव घेतलं ना तिनं?" मी हो म्हटलं. दुसऱ्या दिवशी सकाळी ते धोतर-टोपी घालून किराणा दुकानापासून सोसायटीपर्यंत प्रत्येक ओट्यावर बसून आले.

मी एकदा तिला विचारलं होतं, स्वतःचं नाव त्या मुलींइतकं झालं नाही याचं वाईट वाटतं का. ती म्हणाली, थोडं वाटतं. मग म्हणाली, पण त्या पोरी चालताना मला माझी चाल दिसती गं.

साठीनंतर ती गावी परतली. आमची शेवटची भेट यंदाच्या दिवाळीत झाली. भाचेसुनेच्या फोनवर ती कुठल्याशा शोचे फोटो बघत होती. त्यांत पिकल्या केसांची एक बाई होती, एक चांगली अंगानं भरलेली, आणि एक अगदी हौसाच्या रंगाची. ती त्या मुलीवर थांबली. "निमे, आता सावळी पोरगी सावळीच दिसती बघ," म्हणाली आणि फोटो बोटांनी मोठा करून कितीतरी वेळ बघत बसली.

परवा रविवारी मी दत्ताकडे गेले होते. सकाळचे नऊ वाजले असतील. अंगणात सात-आठ मुली आल्या. लासुर्ण्याच्या, दोघी डाळजहून. दर रविवारी हौसा त्यांना चालायला, उभं राहायला, समोरच्याच्या डोळ्यांत बघून बोलायला शिकवायची, हे मला तोवर ठाऊकच नव्हतं. एक पोलीस भरतीची तयारी करते, एकीला शिक्षिका व्हायचंय, एकीला खरोखरच मॉडेल. कुणी बोलावलं नव्हतं, तरी आल्या होत्या. त्यांनी अंगण झाडलं, ओसरीवरून लोखंडी खुर्ची आणून अंगणाच्या टोकाला ठेवली आणि मला म्हणाल्या, मावशी, तुमी बसा. मी म्हटलं, बाई गं, मला यातलं काही कळत नाही.

"काय सांगायचं न्हाय," त्यांतली सर्वांत उंच पोरगी म्हणाली, "नुसतं बघायचं. आत्या बी बघतच बसायच्या."

मी बसले. त्या एकेक करून माझ्यापर्यंत चालत आल्या, थांबल्या, वळून परत गेल्या. शेवटची परत जाईपर्यंत मी उठले नाही.