गोधडीच्या कडेचे समोसे

शिवायला बसलेल्या बायकांकडे किस्से आपोआप साठतात. हात गुंतलेले, तोंड मोकळं. आमच्या ग्रुपचं एकच वेगळं आहे. आम्ही शिवतो कमी आणि घाबरतो जास्त.

ग्रुप म्हणजे आम्ही तिघी. मी, समोरच्या बिल्डिंगमधली वैशाली आणि तळमजल्यावरच्या सुमनकाकू. शनिवारी दुपारी नाहूरला काकूंच्या हॉलमध्ये सतरंजी टाकतो आणि गोधड्या शिवतो. काकू मालवणच्या. लग्न होऊन मुंबईत आल्या त्याला जमाना झाला, पण बोलणं अजून तिकडचंच.

आमची खासियत म्हणजे कडा. कापडाचा चौकोन दोनदा दुमडला की त्रिकोण होतो. असे त्रिकोण गोधडीच्या कडेला ओळीने लावले की झकास झालर दिसते. वैशालीने व्हिडिओत पाहून ते आणलं आणि काकूंनी पहिल्याच दिवशी नाव ठेवलं, समोसे.

समोसे लावताना त्यांची टोकं आतल्या बाजूला ठेवायची, म्हणजे गोधडी उलटवली की ती बाहेर येतात. वैशालीने पहिल्याच गोधडीला टोकं बाहेर ठेवली. नणंदेच्या लग्नाची भेट होती आणि लग्न दुसऱ्या दिवशी. गोधडी उलटवली तर कडा सपाट.

"समोसे कुठे गेले?" तिने चारही कडा चाचपल्या.

"आत," मी म्हटलं.

उसवायला वेळ नव्हता. ती रडायच्या बेतात. काकूंनी कडेवरून बोट फिरवलं आणि म्हणाल्या, "नणंदेक सांग, नक्षी आतसून आसा."

वैशालीने काहीच न सांगता तशीच दिली. महिन्याभराने नणंदेचा फोन आला. गोधडी छान आहे, ऊबदार आहे. "फक्त एक विचारू का वहिनी? कडेला काही लपवून ठेवलंय का?"

माझा किस्सा आईच्या साडीचा. आई गेल्यावर जोगेश्वरीहून भाऊ तिच्या साड्यांची पिशवी देऊन गेला. त्यातली एक जांभळी साडी मी समोशांसाठी काढली. कात्री घेऊन बसले, पण हात पुढे जाईना. आईने ही कधी नेसली होती, तेही आठवेना. त्याने तर जास्तच कसंतरी झालं.

"कापतंस की मी कापू?" काकूंनी विचारलं.

शेवटी डोळे मिटून कापली. सगळे चौकोन झाले आणि भावाचा फोन आला.

"ताई, त्या पिशवीत एक जांभळी साडी आहे ना, ती आईची नाही गं. शेजारच्या मावशींनी फॉल-पिकोसाठी आपल्या घरी ठेवली होती."

चौकोन डब्यात भरून मी जोगेश्वरीला गेले. रिक्षात माफीची वाक्यं पाठ केली, दार उघडल्यावर त्यातलं एकही आठवलं नाही. नुसता डबा पुढे केला. मावशींनी झाकण उघडलं, एक चौकोन उचलून उजेडात धरला.

"सासूबाईंनी दिलेली," त्या हळूच म्हणाल्या. "बरं झालं बाई. नाहीतर नेसावी लागली असती."

वैशालीला इस्त्रीची धास्ती. घडी दाबायला इस्त्री लागतेच, आणि घराबाहेर पडली की हिला वाटतं ती चालूच राहिली. एकदा मुलुंडपर्यंत जाऊन परत आली. मग तिने उपाय काढला. निघताना बंद केलेल्या स्विचचा फोटो काढायचा आणि ग्रुपवर टाकायचा, म्हणजे मनाला शांती.

एकदा गावाला जाताना फोटो आला. मी अंगठ्याचा इमोजी टाकला. काकूंनी चष्मा लावून फोटो मोठा करून पाहिला आणि तिला फोन केला.

"बाय, इस्त्रीचा म्हायत नाय. पण ह्यो फ्रिजचो स्विच आसा."

सगळ्यात वाईट दिवस सुईचा. काकूंच्या नातीला बाळ झालं होतं, दिवस भरायच्या आधीच, एवढंसं. बारशाची गोधडी तयार झाली आणि वैशाली म्हणाली, "माझी सुई कुठाय?"

मग आम्ही सतरंजी झटकली, केर चाळला, फ्रिजवरचं मॅग्नेट गोधडीवरून इंचइंच फिरवलं. एकेक समोसा उसवून उघडला. सुई मिळाली नाही. काकू बोटांनी पुन्हा पुन्हा दाबत होत्या, जणू बाळच तपासतायत.

आम्ही दुसरी गोधडी शिवली, सुया बशीत ठेवून. पहिली माझ्या माळ्यावर आहे. टाकून द्यावी तर कचरा उचलणाऱ्याला टोचेल ही भीती. पाहुणे जास्त झाले की नवरा विचारतो, "ती वरची काढू का?" आणि मी किंचाळते.

आणि मग काकूंचं हृदयाचं ऑपरेशन. आत नेताना त्या आम्हाला म्हणाल्या, "हात रिकामे ठेवू नकात." म्हणून आम्ही दोघी ऑपरेशन थिएटरच्या बाहेर समोसे दुमडत बसलो. इस्त्री नव्हती, नखाने घडी दाबत होतो. काकूंचा मुलगा कॉरिडॉरमध्ये येरझाऱ्या घालत होता.

शेजारच्या खुर्चीवर एक बाई होती, आमच्याच वयाची. एकटीच. मांडीवर हॉस्पिटलने दिलेली प्लास्टिकची पिशवी, त्यात पुरुषाचे कपडे आणि चपला. बराच वेळ ती आमच्या हातांकडे बघत होती. मग म्हणाली, "मला द्याल थोडे?"

वैशालीने तिला एकदा दुमडून दाखवलं. ती आमच्यापेक्षा नीट करत होती. दार उघडलं की तिघींचे हात थांबायचे, बंद झालं की पुन्हा सुरू.

आधी आमचे डॉक्टर आले. काकू ठीक होत्या. मुलगा भिंतीला टेकून रडला, वैशालीने माझा दंड इतका दाबला की वळ उठले. ती बाई आमच्याकडे बघून हसली, अगदी मनापासून.

थोड्या वेळाने तिला आत बोलावलं. पिशवी खुर्चीवर ठेवून ती गेली. आम्हाला निघता आलं असतं, पण पिशवी सोडून कसं जायचं? बसून राहिलो.

ती आली ती सरळ खुर्चीत बसली. तिने पिशवीतून चौकड्यांचा निळा शर्ट काढला, मांडीवर पसरला आणि आमची कात्री मागितली. पाठीच्या मधोमध एक चौकोन कापला. सावकाश दोनदा दुमडला, नखाने दाबला आणि वैशालीच्या हातावर ठेवला.

"हा पण लावा," ती म्हणाली. "कोपऱ्यात लावा. त्यांना कोपऱ्यातली जागा आवडते."