चारही बाजूंनी सारखं

भिजलेल्या पाकिटाच्या डिंकाचा वास आला की मला भिंगारचं आमचं घर आठवतं. वडील छावणीच्या कचेरीत कारकून होते आणि जुनी पाकिटं भिजवून त्यांवरची राणीच्या छापाची पोस्टाची तिकिटं जमवायचे. पण फक्त अशी, ज्यांत छापाभोवतीची पांढरी कड चारही बाजूंनी सारखी असायची. एका बाजूला जरा जास्त दिसली, की तिकीट चुलीत. लकव्यानं तोंड वाकडं झालं म्हणून नवऱ्यानं टाकलेली आत्या आमच्याकडेच राहायची. ती चहा घेऊन बाहेर आली, की वडील पाहुण्यांना हसत सांगायचे, "हिचा छाप बघा, एका बाजूला सरकलाय." पाहुणेही हसायचे. एका दुपारी आत्यानं शिवणाची कात्री घेतली आणि वहीतल्या एकूण एक तिकिटाची डावी कड कापून टाकली. संध्याकाळी वडील जेवायला बसले, तेव्हा तिनं वही ताटाशेजारी उघडून ठेवली. "दादा, आता समदी माझ्यावानी झाली," असं म्हणून तिनं भाकरी वाढली.  सकाळी वडील तिला जामखेडला एका लांबच्या चुलत्याकडे सोडून आले. दिवाळीच्या आधी तिकडून पाकीट आलं, आत्या गेल्याचं. असलं पत्र घरात ठेवत नाहीत, म्हणून वडिलांनी ते वाचून फाडलं, पण त्याआधी तिकीट कापून घेतलं, भिंगाखाली धरलं आणि आईला म्हणाले, "अगदी मधोमध आहे." पुढे वडील गेल्याची पत्रं मीच पाठवली. पोस्टातून छाप सरकलेलीच तिकिटं निवडून आणली होती.