समोरच्या वहिनींचा लाहा

आमच्या समोरच्या वहिनींनी टँकरचा जेवढा अपमान केला, तेवढा उभ्या दिल्लीत दुसऱ्या कोणी केला नसेल. द्वारकेतल्या आमच्या सोसायटीत टँकर आला की सारे त्याला पाहुण्यासारखे सामोरे जात, वहिनी मात्र गॅलरीत उभ्या राहून पाइपातून सांडणाऱ्या पाण्याचा गंजकट वास नाकाने टिपत आणि खाली सर्वांना ऐकू जाईल अशा स्वरात म्हणत, "हे पाणी नव्हे, नुसता ओलावा आहे." वहिनी सातपुड्यातल्या पावरा आदिवासी. यजमान सरकारी अधिकारी, म्हणून दिल्ली. पण दिल्ली त्यांनी अंगाला लागू दिली नव्हती. दिवाणखान्यात जिथे इतरांकडे झुंबर असते, तिथे त्यांच्याकडे वाळलेला दुधी टांगलेला असे आणि त्यात राखेत घोळलेले ज्वारीचे, अंबाडीचे बी. चहाला आलेल्याने मान वर करू नये, असा यजमानांचा दबका सल्ला असे. कारण वर पाहिले की वहिनी एकेका दाण्याचे गाव-शिवार सांगू लागत आणि चहावर साय धरे.

सोसायटीच्या मागे पावसाचे पाणी जमिनीत मुरवण्याचा एक खड्डा होता. तो गाळाने इतका बुजला होता की पोरे त्यावर क्रिकेट खेळत. बोअरचे पाणी खोल गेले, टँकरशिवाय आंघोळ होईना, तेव्हा वहिनींनी ठरवले की पावसाआधी हा खड्डा मोकळा व्हायलाच हवा, आणि त्यासाठी लाहा बोलवायचा. लाहा ही त्यांच्या पाड्यावरची रीत. ज्याचे काम अडले त्याने हाक द्यायची, गावाने येऊन राबायचे, हाक देणाऱ्याने सर्वांना जेवू घालायचे. आणि जे आले, त्यांच्या हाकेला पुढे त्याने धावायचे. वहिनी दारोदार हाक देऊन आल्या. सर्वांनी "बिल्कुल, बिल्कुल" म्हटले.

रविवारी खड्ड्यापाशी जमले ते घरोघरचे ड्रायव्हर आणि माळी. वहिनींनी त्यांना चहा पाजला, सुटी दिली आणि थेट सेक्रेटरींचे दार वाजवले.

"भाभीजी, आदमी तो भेजा था! पैसे भी हम ही देंगे. और क्या चाहिए?"

"आप चाहिए. कल आपके यहाँ काम पड़ेगा, तो मैं आऊँगी. अपनी बाई को नहीं भेजूँगी."

सेक्रेटरींनी आपल्या पांढऱ्या बुटांकडे एकदा खिन्नपणे पाहिले आणि ते खाली उतरले. सेक्रेटरी गाळात उभे आहेत, हे दृश्य गॅलऱ्यांतून पाहून बाकीचेही आले. काळ्या चिखलाचा तो आंबट, जुना वास दुपारपर्यंत साऱ्यांच्या अंगाला सारखाच येत होता. मग जिन्याखाली ज्वारीची भाकरी, उडदाची डाळ आणि अंबाडीची भाजी. त्या पावसाळ्यात खड्ड्याने पाणी गिळलेले आम्ही पाहिले. टँकर थांबला नाही. फेऱ्या मात्र कमी झाल्या.

वहिनी त्यानंतर बेचैन झाल्या. लिफ्टमध्ये भेटेल त्याला विचारत, "काही काम निघालं का?" सेक्रेटरी हात जोडून म्हणत, "बस, आपकी दुआ है." दिल्लीत कोणाचे काम अडतच नाही, फोन केला की माणूस येतो. यजमानांची निवृत्ती जवळ आली, सामान बांधायला घेतले, तरी एकही हाक आली नव्हती. "ज्याला कोणी उलट बोलवत नाही," त्या एकदा मला म्हणाल्या, "तो आमच्याकडे गावात असून नसल्यासारखा."

त्या जायच्या आदल्या आठवड्यात मी त्यांचे दार वाजवले. "वहिनी, गहू निवडायचेत. माझ्या एकटीच्याने होणार नाहीत."

त्या पदर खोचूनच बाहेर आल्या. "जेवायला काय करणार आहेस?" त्यांनी हक्काने विचारले.

गहू बाजारातून निवडूनच आलेले होते. पहिल्याच सुपात ते त्यांच्या लक्षात आले असणार. त्यांनी दाणे हलकेच पसरून मान खाली घातली. उन्हे उतरेपर्यंत आम्ही दोघी स्वच्छ गहू निवडत बसलो.