मित्राच्या मुलीची चौकशी

डाउन सिंड्रोम असलेल्या मुलांचे आईवडील महिन्याच्या दुसऱ्या रविवारी इंदिरानगरमधल्या एका शाळेत जमतात, हे बायकोने शोधून काढलं. माझं योगदान म्हणजे, सलग चार महिने नेमक्या त्याच रविवारी मी गाडी धुवायला काढली. आमची मुलगी आठ महिन्यांची झाली होती आणि ऑफिसात ‘बाळ मजेत’ यापलीकडे मी चकार शब्द काढला नव्हता.

शेवटी बायको म्हणाली, “मी एकटीने किती दिवस रेटू?” तिचा चेहरा बघून मला स्वतःची लाज वाटली. तिने लिहिलेली प्रश्नांची यादी खिशात घालून मी निघालो.

तिथे गोल बसून प्रत्येकाने आपली ओळख करून द्यायची पद्धत. माझी पाळी आली. मीटिंगमध्ये माइक न सोडणारा मी उभा राहिलो आणि म्हणालो, “मित्राच्या मुलीसाठी चौकशी करायला आलोय. तो जरा बिझी असतो.” वर मित्राच्या वतीने दिलगिरीही व्यक्त केली.

मग मी यादी काढून विचारत सुटलो. दूध पिताना ठसका लागतो, काय करायचं? आधाराशिवाय बसायला कधी लागेल? हृदयाची तपासणी पुन्हा कधी? लोक आपापल्या अनुभवातून सांगत होते आणि मी, मित्राचा निष्ठावंत मित्र, भराभर लिहून घेत होतो.

शेजारी चांदवडहून आलेल्या एक बाई होत्या. सोबत त्यांची विशीतली मुलगी, तिलाही डाउन सिंड्रोम. चहा पिताना बाई म्हणाल्या, “भाऊ, बाळाचा फोटो हाय का?”

फोटोंनी तर माझा मोबाइल भरलेला. मी ऐटीत एक उघडून दिला. त्यांच्या मुलीने फोटो बघितला, मग मला बघितलं, आणि स्क्रीनवर बोट ठेवून म्हणाली, “पप्पा.”

फोटोत बाळाला कडेवर घेऊन मीच दात काढून उभा होतो.

बाई हसल्या नाहीत. “लय गोड हाय,” म्हणाल्या. “नाव काय ठेवलं?”

बारसंसुद्धा आम्ही, खरं तर मी, दार लावून उरकलं होतं. मी नाव सांगितलं, पण इतकं हळू की शेजारच्या बाईंनाही ऐकू गेलं नाही. दुसऱ्यांदा सांगितलं, तेव्हा गोलात पार समोर बसलेल्यांपर्यंत ऐकू गेलं.